‘विद्युत्‌निर्मितीचे मिथेन’ : पोलंड व जपान यांच्या तुलनेतील एक अर्थप्रश्न

दोन देशांच्या विद्युत्‌निर्मितीतील मिथेन-उत्सर्जनाची तुलना करावयाची म्हणजे दोन आकडे शेजारी मांडावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ते आकडे एकाच वस्तूचे आहेत काय, हे आधी पाहिले पाहिजे. हा प्रश्न काही अंशी भाषेचाही असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्याचा परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये.

‘विद्युत्‌निर्मितीचे मिथेन’ ह्या पदसमूहातील षष्ठीचे दोन अर्थ संभवतात. ‘विद्युत्केंद्रातून बाहेर पडणारे’ हा पहिला. ‘विद्युत्‌निर्मितीसाठी लागणारे इंधन मिळविताना बाहेर पडणारे’ हा दुसरा. पहिल्यात अपादानाचा संबंध आहे, दुसऱ्यात हेतूचा. कार्बन डायॉक्साइडच्या बाबतीत हा भेद फारसा जाणवत नाही. कारण तो मुख्यत्वे ज्वलनातूनच उत्पन्न होतो. मिथेन मात्र स्वतःच ज्वलनशील असल्याने भट्टीत टिकत नाही. तो निसटतो तो खाणींतून, वायूच्या विहिरींवरून व वाहिन्यांतून.

हा भेद किती मोठा आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतील सर्वसाधारण गुणांक घेतल्यास, एक टन बिट्युमिनस कोळसा विद्युत्केंद्रात जाळला असता सुमारे २६ ग्रॅम मिथेन बाहेर पडते. तोच कोळसा मध्यम वायुयुक्त भूमिगत खाणीतून काढताना टनामागे १८ घनमीटर, म्हणजे सुमारे १२ किलोग्रॅम, मिथेन मुक्त होते. दोहोंचे प्रमाण साडेचारशे पटींहून अधिक आहे. उघड्या खाणीचा मध्यम गुणांक १.२ घनमीटर, म्हणजे जेमतेम ०.८ किलोग्रॅम, आहे.

आता दोन देश पाहू. पोलंडमधील दगडी कोळसा प्रामुख्याने अप्पर सायलेशियातील खोल, वायुयुक्त खाणींतून निघतो. त्या खाणींचे मिथेन पोलंडच्याच नोंदीत येते. जपानमध्ये इकेशिमाची खाण २००१ साली व कुशिरोची मोठी खाण २००२ साली बंद झाली. तेथील केंद्रांत जळणारा कोळसा जवळजवळ सर्व परदेशांतून, विशेषतः ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया येथून, येतो. नैसर्गिक वायूही बहुतांशी द्रवरूपात आयात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या करारान्वये नोंद भूप्रदेशानुसार होत असल्याने हे खाणींतील मिथेन निर्यातदार देशांच्या खात्यावर पडते. सारांश, पहिल्या अर्थाने दोन्ही देशांचे आकडे क्षुद्र आहेत. देशांतर्गत खाणी जमेस धरल्यास पोलंड दोषी व जपान निर्दोष दिसतो. आणि दुसरा अर्थ पूर्णपणे स्वीकारल्यास जपानची निर्दोषता उरत नाही.

तथापि दुसरा अर्थ स्वीकारतानाही सावधगिरी हवी. पोलंडचा सर्व कोळसा विजेसाठी जात नाही. काही कोक व उष्णतेसाठी वापरला जातो, म्हणून खाणींच्या मिथेनची वाटणी करावी लागते. तेथील विजेचा मोठा वाटा उचलणारा बेल्खातूव्हचा लिग्नाइट उघड्या खाणीतला असून त्यात मिथेन अत्यल्प असते. तसेच कालमर्यादाही सांगितली पाहिजे. उपर्युक्त मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार जीवाश्म मिथेनची तापनक्षमता कार्बन डायॉक्साइडच्या तुलनेत शंभर वर्षांच्या हिशेबाने २९.८ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने ८२.५ पट आहे. वरील १२ किलोग्रॅम त्यामुळे कधी ३६० किलोग्रॅमच्या बरोबरीचे ठरतात, तर कधी जवळजवळ एक टनाच्या.

ह्या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व उघड आहे. एखाद्या देशाने आपली खाण मिटून तितकाच कोळसा बाहेरून आणला, तर त्याचा आकडा उतरेल. वातावरणातील मिथेन उतरेलच असे नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या मिथेनविषयक नियमनाने आयात इंधनासही कक्षेत घेतले, ते ह्याच कारणास्तव. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी असा कोणताही तक्ता वाचताना प्रथम त्याच्या शीर्षकातील विभक्तीचा अर्थ निश्चित करावा, आणि मगच बेरजेकडे वळावे.