सहलीतला एक दिवस मुलांच्या हवाली

दिवाळीची सुट्टी लागली की जालन्यात घरोघरी सहलीचा विषय निघतो. उन्हाळ्यात मराठवाड्यात फिरण्याची सोय नसते, त्यामुळे पावसाळा सरल्यावरचे हेच दिवस खरे. मोठी माणसं कार्यक्रम ठरवतात, बॅगा भरतात आणि ऐन वेळी नववीतला मुलगा म्हणतो, "तुम्ही जा, मी घरीच थांबतो."

हा उद्धटपणा नव्हे. या वयात घरात आपलाही शब्द चालावा, असं मुलांना मनापासून वाटतं. ठरवण्यात वाटा नसेल, तर सहलही त्यांना वर्गातल्या हजेरीसारखी वाटते. म्हणून सहलीतला एक संपूर्ण दिवस मुलांच्या हवाली करावा. ठिकाण, वाहन, जेवण, खर्च, सगळंच त्यांनी ठरवावं.

हिशेब त्यांच्याकडे

त्या दिवसाची रक्कम आधीच ठरवून मुलांच्या हातात द्या. मग एसटीत २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, हे तीच आईला सांगतील. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हेही शोधून काढतील. एखादा अंदाज चुकला, एखादं जेवण महाग पडलं, तर "मी सांगितलं होतं" हे वाक्य मात्र ओठांवर येऊ देऊ नका. मुलीलाही हा अधिकार मुलाइतकाच मिळाला पाहिजे.

झोपेचं गणित

वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे पहाटे चारला उठवलेली मुलं दिवसभर चिडचिडी राहतात. त्यात आळसाचा भाग कमी, शरीराचा जास्त. लोणारच्या विवरात ऊन चढण्याआधी उतरायचं असेल, तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम करणं शहाणपणाचं.

लांब जायची गरज नाही

जालन्याहून सिंदखेडराजा तासाभराच्या आत गाठता येतं. तिथे जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा राजवाडा पाहून पुढे लोणार गाठता येतं. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात स्पष्ट गोल दिसतं. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. ते का झालं, हे शोधायला मुलांना सांगा. मोबाइल काढून घेण्यापेक्षा असा कामाला लावलेला बरा.

दुसरी वाट भोकरदनकडची. आजीला राजूरच्या गणपतीचं दर्शन घडतं आणि मुलांना असईची रणभूमी पाहायला मिळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. मध्ये केळना नदी होती आणि वाटाड्यांच्या मते जवळपास उतार नव्हता. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. इतक्या जवळच्या गावांत येणं-जाणं असणारच, म्हणजे उतारही असणार, हे त्याने ताडलं आणि ते खरं निघालं. मराठा फौज मोठी असूनही हरली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. नकाशात केळना आणि जुई या नद्यांमधली जागा शोधून फौज कुठून उतरली असेल, हे मुलांनाच सांगू द्या. पुस्तकातली सनावळी न आवडणारी पोरंही इथे वाद घालायला लागतील, आणि तो वाद आईबाबांनी मन लावून ऐकावा.

दहावी-बारावी झाली की आपली बरीच मुलं शिकायला संभाजीनगर, लातूर, पुणे गाठतात. मग त्यांची सुट्टी वेगळी आणि आपली वेगळी. एकत्र फिरण्याच्या दिवाळ्या मोजक्याच उरतात. बेत आखणं, पैसे जपणं, आजीच्या गुडघ्यांचा विचार करून चाल ठरवणं, हे सारं घर सोडण्याआधी मुलांना घरच्यांच्या सोबतीने शिकता येतं. तेव्हा यंदा सहलीचा बेत आखायला बसाल, तेव्हा वही-पेन आधी त्यांच्यापुढे सरकवा.