गाड्या पुढे, लाट मागे

सिग्नल हिरवा झाला तरी रांगेतली विसावी गाडी लगेच हलत नाही. पुढच्या गाड्या एकेक करून सुटतात आणि सुटण्याची लाट मागे सरकत येते. जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम यांनी १९५५ मध्ये या लाटेचं गणित मांडलं, तेही लांब नद्यांच्या पुरासोबत!

व्हिटम यांचं १९७४चं ‘लिनिअर अँड नॉनलिनिअर वेव्ह्ज’ हे जाडजूड पुस्तक याच वाटेनं जातं. जाणकार त्याला अभिजात मानतात. विकलक समीकरणांची सवय नसलेला वाचक मात्र पहिल्याच प्रकरणांत धापा टाकतो. दोघांचंही खरं आहे. पण वाहतूक, पूर, हिमनद्या अशी उदाहरणं सुरुवातीलाच भेटतात, हे पुस्तकाचं मोठेपण.

पुस्तकाच्या नावातल्या ‘नॉनलिनिअर’, म्हणजे अरेखीय, लाटेचा वेग तिच्या उंचीवर अवलंबून असतो. उंच भाग पुढे धावतो, कडा उभी होते. उलट, वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वेगवेगळ्या गतीनं जाऊन लाट पसरवू पाहतात. ही रस्सीखेच बरोबरीत सुटली की आकार न मोडणारी एकाकी लाट जन्मते. १८३४ मध्ये एडिंबरोजवळच्या कालव्यात जॉन स्कॉट रसेल यांनी अशीच लाट पाहिली आणि घोड्यावरून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला. तिचं प्रसिद्ध समीकरण कोर्टवेग आणि द व्ह्रीस यांनी १८९५ मध्ये मांडलं.