तिन्हीसांजेचे कवच

रामरक्षा म्हणायची वेळ दिवेलागणीची. काळोख दाटू लागतो, देवापुढे निरांजन लागते आणि शुभंकरोती, परवचा झाला की मुले रामरक्षेला सुरुवात करतात. कित्येक मराठी घरांत हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसून आजी म्हणते तीही रामरक्षाच, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या कपाळाला अंगारा लावते. मराठीत ‘रक्षा’ म्हणजे राखण आणि राखही. या एका कृतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात.

बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेले हे संस्कृत स्तोत्र 38 श्लोकांचे आहे. शंकराने ते स्वप्नात सांगितले आणि ऋषींनी सकाळी जागे होताच लिहून काढले, असे स्तोत्रातच म्हटले आहे. त्याचा प्रकार कवचाचा. भागवताच्या सहाव्या स्कंधातले नारायणकवच, दुर्गासप्तशतीच्या आधी म्हटले जाणारे देवीकवच हीही त्याच जातीची. कवचात देवाकडे मोघम ‘सांभाळ’ असे मागत नाहीत. डोके, डोळे, कान, गळा असा एकेक अवयव नाव घेऊन त्याच्या हवाली करतात. घाबरलेल्या माणसाला आपले शरीर उघडे पडल्यासारखे वाटते. कवच त्या शरीरावरून डोक्यापासून पायापर्यंत सावकाश फिरते आणि एकही जागा मोकळी सोडत नाही.

रामरक्षेची खरी करामत पुढेच आहे. प्रत्येक अवयवाला रामाचे वेगळे नाव दिले आहे आणि ही नावे ओळीने वाचली, तर जवळजवळ सगळे रामायण क्रमाने उलगडते. मस्तकाला रघुकुळाचे नाव, कपाळाला पित्याचे, डोळ्यांना कौसल्येचे. कान विश्वामित्राच्या लाडक्या शिष्याकडे, नाक यज्ञ राखणाऱ्याकडे, मुख लक्ष्मणावर माया करणाऱ्याकडे. भुजांवर शिवधनुष्य मोडणारा, हातांवर सीतापती, हृदयावर परशुरामाला जिंकणारा. कमरेपाशी सुग्रीव येतो, मांड्यांपाशी हनुमान. सेतू बांधणारा गुडघे राखतो, दशमुखाचा अंत करणारा पोटऱ्या. जेमतेम सहा श्लोकांत जन्मापासून लंकाविजयापर्यंतची कथा माणसाच्या अंगावर उतरते. ज्याने हे सारे निभावले, तोच राखणीला बोलावला आहे, ही खात्री त्या क्रमातच आहे.

पावलांसाठी निवडलेले नाव सर्वांत विचार करण्याजोगे आहे. तिथे विभीषणाला वैभव देणारा राम आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडात विभीषण चार सोबत्यांसह शत्रूच्या गोटातून येतो. सुग्रीवाला त्याचा संशय येतो. राम मात्र ठरवतो की एकदा ‘मी तुझा’ म्हणून आलेल्याला अभय द्यायचे, हे आपले व्रत आहे. रावणवधाच्या कितीतरी आधी, समुद्राच्या काठावरच, तो विभीषणाला लंकेचा राजा म्हणून अभिषेक करवतो. घर, भाऊ, राज्य सोडून निघालेल्या या माणसाची आठवण पावलांवर ठेवण्यात मोठे औचित्य आहे. आसरा शोधत निघालेल्याची पावलेच तर आधी थकतात.

म्हणूनच या कवचाला स्तोत्र वज्रपंजर म्हणते, वज्राचा पिंजरा. पण पुढच्या श्लोकांत हा पिंजरा माणसाला एका जागी कोंडून ठेवत नाही. धनुष्ये सज्ज केलेले राम-लक्ष्मण वाटेत नेहमी पुढे चालोत, असे मागणे तिथे येते. रात्री-अपरात्री एकट्याने रस्ता तुडवणाऱ्याला याहून नेमकी सोबत मागता येणार नाही. आणखी पुढे ओघ उलटा वळतो. आतापर्यंत देवाने माणसाचे अवयव राखायचे होते. आता माणसाचे मन देवाचे चरण आठवते, वाणी त्यांचे गुण गाते, मस्तक त्यांवर टेकते आणि मग ‘शरण’ हा शब्द येतो.

शेवटून दुसऱ्या श्लोकात ‘राम’ हा शब्द आठही विभक्तिरूपांत गुंफला आहे. संस्कृत शिकणारी मुले पाठ करतात तीच ही रूपे, प्रथमेपासून सप्तमीपर्यंत आणि मग संबोधन. रामाहून मोठा आश्रय नाही, हे विधान पंचमीच्या वाट्याला आले आहे. सप्तमीत चित्त रामात विरून जावे, असे मागणे आहे. संबोधनात उरते ती थेट हाक: रामा, मला वर काढ.