जुनी इमारत : पाडावी की सावरावी?

रुग्णालयाच्या मागील गल्लीतील ज्या चाळीच्या तळमजल्यावर आमचे नातेवाईक-निवास चालते, तिच्याविषयी या अहवाल वर्षात जितकी पत्रे आली तितकी अन्य कोणत्याही विषयावर आली नाहीत. ‘नवी इमारत बांधा, आम्ही हात आखडता घेणार नाही,’ असे काही देणगीदारांनी कळविले. ‘आमच्या वडिलांच्या नावाची पाटी त्या भिंतीवर आहे, भिंत राहू द्या,’ असे एका कुटुंबाने लिहिले. निवासात दीड महिना काढलेल्या एका रुग्णाच्या पत्नीने मात्र एवढेच विचारले, की पुढच्या तपासणीला येताना अंथरूण कोठे टाकायचे? या सर्वांना निरनिराळी उत्तरे पाठविण्यापेक्षा प्रश्न नेमका काय आहे आणि विश्वस्त मंडळाने कोणता मार्ग का पत्करला, हे येथे सविस्तर सांगणे आम्हांस योग्य वाटते.

गिरगावातील ही तीन मजली चाळ एका दानशूर कुटुंबाने बिऱ्हाडांसह आमच्या न्यासास दिली. म्हणजे कागदोपत्री मालक आम्ही. परंतु वरच्या मजल्यांवरील बहुतेक कुटुंबे आमच्या आधीपासून तेथे राहत आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या अशा इमारतींना मुंबईत ‘अ’ वर्गातील उपकरप्राप्त इमारती म्हणतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या उत्पन्नात डागडुजी भागेना, मालकांनी हात वर केले आणि पावसाळ्यागणिक इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ च्या कायद्यान्वये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि उपकर घेऊन संरचनात्मक दुरुस्ती करण्याचा भार शासनाने उचलला. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. आरंभी अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. आमची चाळ त्यांतील एक.

गेल्या पावसाळ्यात एका मध्यरात्री मागच्या गॅलरीचा शौचालयालगतचा भाग खाली आला. ईश्वरकृपेने कोणास इजा झाली नाही. तळमजल्यावर झोपलेल्या नातेवाइकांना रात्रीच बाह्यरुग्ण विभागात हलविले. पहाटेपर्यंत ती मंडळी बाकांवर बसून होती. पुढच्या रविवारी चौकात, जेथे दरवर्षी गणपती बसतो तेथे, बैठक भरली. चाळीतील रहिवाशांबरोबर दोन्ही बाजूंच्या इमारतींतील शेजारीही आले होते. येथील इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. मधली काढली की दोन्हीकडच्या भिंती पावसात उघड्या पडतात. त्यामुळे आमच्या चाळीचे काय करायचे, हा त्यांच्याही घराचा प्रश्न होता.

ती बैठक आमच्यासाठी बोधप्रद ठरली. शेजारच्या इमारतीतील एक सद्गृहस्थ चाळीच्या सागवानी खांबांविषयी आणि तेथील माणुसकीविषयी फार आत्मीयतेने बोलले. त्यावर दुसऱ्या मजल्यावरील एक सूनबाई उठून म्हणाल्या, “काका, तुम्हांला चाळ आवडते, कारण रात्री मुलाला घेऊन त्या टोकाच्या संडासापर्यंत तुम्हांला जावे लागत नाही.” सभेत हशा पिकला, पण त्या हसल्या नाहीत. पुनर्विकास नियमावलीतील विनियम ३३(७) प्रमाणे भाडेकरूस किमान ३०० चौरस फुटांचे घर विनामूल्य व मालकी हक्काने मिळते, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांच्या खोल्या याच्या निम्म्या आहेत, त्यांनी अशी इच्छा धरण्यात गैर काय? पहिल्या मजल्यावरील एक आजोबा मात्र ठाम विरोधात होते. त्यांचे थोरले बंधू आपली इमारत पाडल्यावर संक्रमण शिबिरात राहावयास गेले आणि परतीची वाट पाहत तेथेच निवर्तले. “इमारत पडली तर एकदाच मरू,” असे ते म्हणाले, तेव्हा चौक स्तब्ध झाला. वाद विटा-लाकडांचा नव्हता. बाहेर पडल्यावर परत येता येईल की नाही, याचा होता.

तथापि विश्वासाचा प्रश्न सोडविण्याआधी इमारतीचे निदान होणे अवश्य होते. बाहेरून पाहून ‘ही गेलीच’ किंवा ‘जुने ते भक्कम’ असे म्हणणे, रुग्णाचा चेहरा पाहून औषध देण्यासारखे आहे. आम्ही नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेतली. तिच्यातून जे कळले ते वाचकांच्या स्वतःच्या घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोड्या विस्ताराने देत आहोत.

अशा चाळीचा सांगाडा ब्रह्मदेशी सागवानाचा असतो. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर चुन्याचा कोबा. खांबांच्या मधल्या भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या. सागवान कोरडे राहिले तर शंभर वर्षांनीही खणखणीत असते. त्याचा घात होतो तो तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे. मोरी किंवा संडासाचे पाणी भिंतीत झिरपते, टोक आतल्या आत कुजते, मागोमाग वाळवी येते. आणि खोलीत दिसणारी तुळई धडधाकट असल्याने कोणाला काही कळत नाही. अभियंत्यांनी प्रत्येक तुळई हातोडीने ठोकून ऐकली. भरीव लाकूड एक नाद देते, पोकळ लाकूड बद्द वाजते. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांना ही रीत छाती ठोकून पाहण्यासारखीच वाटली आणि ते बराच वेळ तेथे रमले.

चाळीच्या पुढच्या व मधल्या भागातील बहुतेक तुळया भरीव निघाल्या. रोग होता मागच्या बाजूस, आणि गंमत म्हणजे तो भाग सर्वांत नवा होता. संडासांचा सिमेंट-काँक्रीटचा मनोरा मूळ चाळीस नंतर जोडलेला आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत व सततच्या ओलीत त्यातील सळ्या गंजल्या. गंज मूळ पोलादापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजला असता तो आतून विरळ झाल्याचे दिसले. हा मनोरा चाळीच्या लाकडी सांगाड्यावर रेलला होता आणि कोसळलेली गॅलरी त्याच ओढीने खाली आली.

येथे आम्हांस आमची चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी निवासासाठी मोठी पाण्याची टाकी देऊ केली. रुग्णांच्या नातेवाइकांचे हाल पाहता आम्ही ती आनंदाने स्वीकारली, मागच्या छपरालगत बसविली आणि पाटीही लावली. खालचा सांगाडा तो भार पेलील का, हे कोणासही विचारले नाही. त्याच सुमारास तळमजल्याच्या चुन्याच्या भिंतींना आम्ही सिमेंटचा गिलावा केला. तो दिसावयास स्वच्छ होता. पण चुन्याची भिंत श्वास घेते, आत गेलेली ओल बाहेर सोडते. सिमेंटने ती ओल आत कोंडली आणि लाकडाकडे वळविली. दोन्ही कामे सद्हेतूने झाली व दोन्हींनी इमारतीचे आयुष्य कमी केले. देणगीदारांना हे आम्ही समक्ष भेटून सांगितले. त्यांनी उदारपणे ते समजून घेतले.

यावरून ‘जुने नेहमी सावरावेच’ असा अर्थ कोणी घेऊ नये. डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग १६ जुलै २०१९ रोजी कोसळला आणि बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमधील भानुशाली इमारत. भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पुनर्विकास योजनेत समाविष्ट असूनही रिकामी झालेली नव्हती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी ती पडली तेव्हा आत माणसे होती. महानगरपालिका तपासणीनंतर इमारतींची प्रतवारी करते : ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ए’ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती आवश्यक, ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आमची चाळ ‘सी-१’ ठरली असती तर दुसऱ्या दिवशी तिला कुलूप लावण्यास आम्ही कचरलो नसतो.

तज्ज्ञांचीही मते भिन्न असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, जेथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, तिच्याबाबत २०१९ मध्ये एका अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे म्हटले. प्रकरण उच्च न्यायालयापुढे असताना अन्य तज्ज्ञांनी तीच इमारत सावरता येईल असे मत दिले. म्हणून आम्हीही रहिवाशांनी निवडलेल्या दुसऱ्या अभियंत्याकडून तपासणी करविली. खर्च वाढला, पण त्यानंतर कोणी ‘मालकाचा अहवाल’ असे म्हणाले नाही. दोन्ही निष्कर्ष जुळले.

त्यानुसार मागचा मनोरा पूर्ण उतरवून त्या जागी स्वतःच्या पायावर उभा, चाळीवर भार न टाकणारा नवा मनोरा बांधावयाचा व त्यात प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र संडास द्यावयाचा, असे ठरले. टाकी जमिनीवर येईल. कुजलेल्या तुळयांची टोके कापून नवे लाकूड जोडले जाईल, सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा होईल. काम टप्प्याटप्प्याने असल्याने एका वेळी मोजक्याच कुटुंबांना हलावे लागेल. त्यांची सोय रुग्णालयाच्या कर्मचारी निवासात केली आहे आणि त्याच खोलीत परत येण्याचा लेखी करार प्रत्येकाच्या हाती दिला आहे. आजोबांनी तो दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली. सूनबाईंनी सही केली, पण हे काही नवे घर नव्हे, असेही सांगितले. त्यांचे म्हणणे खरे आहे. ५१ टक्के भाडेकरूंनी संमती दिल्यास पुनर्विकासाचा मार्ग पुढेही खुला राहील. मात्र त्यासाठी न्यासाची मिळकत विकासकाच्या हाती द्यावयाची झाल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल.

राहिला निधीचा प्रश्न. नव्या इमारतीसाठी देणग्यांची आश्वासने आली. सांडपाण्याच्या नळासाठी व तुळईच्या टोकासाठी फारशी आली नाहीत. हा अनुभव आमच्यापुरताच असेल असे वाटत नाही. भिंतीत दडणाऱ्या कामावर पाटी कोठे लावणार? तरीही ज्यांनी नाव न घालण्याच्या अटीवर रक्कम दिली त्यांच्यामुळे मनोऱ्याचा खर्च जवळजवळ भागला आहे. लाकूडकामासाठी निधी अजून हवा आहे.

दुरुस्तीचा आराखडा ना-हरकत प्रमाणपत्रासाठी मंडळाकडे सादर केला आहे. तोवर मागच्या बाजूस लोखंडी टेकू लावले असून तेथील तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटविल्या आहेत. पट्टी तडकली की तडा वाढतो आहे असे समजावयाचे. चाळीतील मुले शाळेतून आल्यावर त्या तपासून आमच्या कार्यालयात सांगून जातात. नातेवाईक-निवास तूर्त रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात आहे. अंथरूण मिळते, चहा सकाळी सहा वाजता. नावनोंदणी पूर्वीप्रमाणेच समाजसेवा विभागात करावी.