बुटांच्या पैशावर वाढलेला क्लब

अर्थलिंगबरो हे इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशायरमधलं आठ-नऊ हजार वस्तीचं गाव. नेन नदीकाठच्या या गावात नेन पार्क नावाचं फुटबॉलचं मैदान होतं आणि त्यात ६,४४१ प्रेक्षक मावत. म्हणजे तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे सोडले, तर अख्खं गाव सामन्याला येऊन बसलं असतं. चारही बाजूंना छपराचे स्टँड, देखणं हिरवळीचं मैदान, शेजारी सभा-समारंभांसाठी दालनं. अनेक जुन्या, नावाजलेल्या क्लबांना हेवा वाटावा असा हा थाट होता आणि तो ज्या संघासाठी होता, तो तेव्हा लीगमध्येही नव्हता.

इंग्लिश फुटबॉलमध्ये वरचे ९२ क्लब ‘लीग’चे. त्याखालची शेकडो मंडळी नॉन-लीग. तिथले बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळणारे, तिकीट फाडणारे आणि चहा देणारे गावातलेच स्वयंसेवक. १९८७पासून नॉन-लीगच्या सर्वात वरच्या स्पर्धेतल्या, म्हणजे कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट लीगमध्ये प्रवेश मिळू लागला. तोवर हा उंबरठा लीगच्या क्लबांच्या मतदानावर अवलंबून असे आणि ते सहसा आपल्याच जुन्या सोबत्यांना सांभाळून घेत. दार उघडल्यावर मात्र एखादा खेड्यातला क्लबही मँचेस्टर युनायटेडपर्यंतच्या शिडीची खालची पायरी धरू शकत होता. निदान कागदावर.

नेन पार्कच्या रश्डेन अँड डायमंड्सने ती खरोखर धरली. त्यांच्यामागे बूट होते. नॉर्दॅम्प्टनशायर हा इंग्लंडमधला पादत्राणांचा जुना मुलूख. रश्डेन, केटरिंग, वेलिंगबरो ही गावं चामड्यावर आणि शिलाईवर जगलेली. जवळच्याच वॉलस्टनमध्ये ग्रिग्ज घराण्याचा कारखाना होता. क्लाउस मार्टेन्स या जर्मन डॉक्टरने दुखावलेल्या घोट्यासाठी हवेची गादी असलेला तळ तयार केला होता. बिल ग्रिग्ज यांनी त्याचे हक्क घेतले आणि १ एप्रिल १९६० रोजी डॉक मार्टेन्सचा पहिला जोड बाजारात आला. तो त्या तारखेवरूनच १४६० या नावाने ओळखला जातो. हा बूट आधी पोस्टमन आणि कामगारांच्या पायांत दिसला, पुढे बंडखोर तरुणांनी आणि रॉक गायकांनी तो उचलला आणि घराण्याकडे अमाप पैसा आला.

बिल यांचा मुलगा मॅक्स ग्रिग्ज फुटबॉलवेडा. १९९२मध्ये १८८९पासूनचा रश्डेन टाउन आणि १९४६मध्ये सुरू झालेला अर्थलिंगबरो डायमंड्स यांचं विलीनीकरण त्याच्या पुढाकाराने झालं. शेजारच्या दोन गावांतले दोन क्लब एकत्र येणं वाटतं तितकं सोपं नसतं. प्रत्येकाची आपली जुनी निष्ठा, जुने रंग, जुनी भांडणं. पण नवा संघ जिंकू लागला आणि विरोधाचा आवाज मावळत गेला. १९९४मध्ये सदर्न लीगच्या मिडलंड विभागाचं विजेतेपद, १९९६मध्ये प्रीमियर विभागाचं, आणि त्याच वर्षी कॉन्फरन्समध्ये प्रवेश. १९९७मध्ये ब्रायन टॅल्बट मॅनेजर झाला. त्याने खेळाडू म्हणून १९७८मध्ये इप्स्विचकडून आणि १९७९मध्ये आर्सेनलकडून एफए कप जिंकला होता. दोन लागोपाठ वर्षी दोन वेगळ्या क्लबांकडून.

जानेवारी १९९९मध्ये एफए कपच्या तिसऱ्या फेरीत लीड्स युनायटेड नेन पार्कवर आला. प्रीमियर लीगमधला तगडा, तरुण संघ. सामना ०-० असा सुटला. लीड्समधल्या फेरसामन्यात पाहुणे ३-१ने हरले. पण त्या दिवसानंतर रश्डेन कुठे आहे हे सांगावं लागलं नाही.

‘पैशाने विकत घेतलेलं यश’ ही टीका त्यांच्या मागे सतत लागली. मला ती अर्धीच पटते. पैसा होताच, पॉल हॉलसारखा जमैकाकडून विश्वचषक खेळलेला खेळाडू त्याशिवाय अशा गावात कशाला येईल? पण पैसे ओतणारे धनिक नॉन-लीगमध्ये पुष्कळ होऊन गेले आणि बहुतेकांच्या हाती दोन-तीन हंगामांचा धुरळा लागला. टॅल्बटने संघ बांधला. २००१मध्ये येओव्हिलला मागे टाकून कॉन्फरन्स जिंकली आणि क्लब लीगमध्ये गेला. पहिल्याच हंगामात ते कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियममध्ये बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात होते. चेल्टनहॅमकडून १-३ने हरले.

आणि मग २००३चा तो वसंत. १ एप्रिलला, म्हणजे पहिल्या बुटाच्या त्याच तारखेला, डॉक मार्टेन्सचं ब्रिटनमधलं उत्पादन बंद झालं. खप घसरला होता. काम चीन आणि थायलंडला गेलं. पाच कारखाने बंद पडले, हजाराहून जास्त माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने नेन पार्कवर हार्टलपूलशी हंगामाचा शेवटचा सामना होता. रश्डेनला बरोबरी पुरणार होती, हार्टलपूलला विजय हवा होता. सामना १-१ सुटला आणि विलीनीकरणाला अकरा वर्षं होत असताना क्लब थर्ड डिव्हिजनचा विजेता ठरला. बुटाच्या मुलखातल्या या क्लबाचा सर्वात मोठा दिवस आणि त्या मुलखाचा हा घाव, दोन्ही एकाच ऋतूत आले. क्लबाचा पोशिंदा जिथून पैसा आणत होता, ती विहीर आटली होती.

पुढची घसरण भराभर झाली. २००४च्या मार्चमध्ये टॅल्बट ओल्डहॅमला गेला आणि संघ खाली उतरला. २००५मध्ये मॅक्स ग्रिग्ज यांनी क्लब समर्थकांच्या ट्रस्टकडे सोपवला. यात मला दगा दिसत नाही. दुसरा एखादा मालक जमीन विकून मोकळा झाला असता. पण सोपवलं काय, तर श्रीमंताच्या खिशाच्या मापाने शिवलेलं मोठं मैदान आणि त्याचा न थांबणारा खर्च. तिकिटांवर तो निघणं शक्यच नव्हतं. २००६मध्ये क्लब लीगमधून बाहेर पडला. त्यानंतर मालक बदलले, कर्ज वाढलं. २०१०मध्ये कॉन्फरन्सच्या प्ले-ऑफमध्ये ऑक्सफर्ड युनायटेडकडून हरून परतीची शेवटची संधी हुकली. जून २०११मध्ये आर्थिक कारणावरून कॉन्फरन्सने त्यांना काढून टाकलं आणि काही आठवड्यांतच मूळ क्लब संपला. मोकळ्या नेन पार्कवर राहायला आला तो शेजारचा पिढीजात प्रतिस्पर्धी केटरिंग टाउन. तोही कर्जात बुडत होता आणि वर्ष-दीडवर्षात त्यालाही बाहेर पडावं लागलं. २०१७मध्ये नेन पार्क पाडलं गेलं.

बुटाचं मात्र पुन्हा चांगलं चाललं. २००७मध्ये वॉलस्टनमध्ये थोडं उत्पादन सुरू झालं आणि २०१३मध्ये ग्रिग्ज घराण्याने ती कंपनी ३० कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. त्याच्या दोन वर्षं आधी क्लब ज्या रकमेअभावी बुडाला, ती या आकड्यासमोर किरकोळ होती. हे आठवलं की मला आजही चुटपुट लागते.

जुना क्लब संपला त्याच २०११मध्ये समर्थकांनी एएफसी रश्डेन अँड डायमंड्स हा नवा क्लब काढला. पहिल्या वर्षी फक्त मुलांचा संघ. २०१२पासून युनायटेड काउंटीज लीगच्या खालच्या विभागात, वेलिंगबरोच्या उसन्या मैदानावर. २०१८पर्यंत तो सदर्न लीगच्या प्रीमियर विभागात पोचला होता, म्हणजे जुन्या क्लबाने १९९६मध्ये जिंकली त्या पातळीच्या आसपास, आणि सामने रश्डेनमधल्याच हेडन रोडवर होऊ लागले होते. हा क्लब वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या मालकीचा आहे. मैदान आखायला, फाटकावर बसायला, हिशेब लिहायला तेच येतात आणि नवा खेळाडू घेण्याआधी त्याचा पगार कुठून येणार, हेही त्यांनाच ठरवावं लागतं.