विसरणाऱ्या माणसाचा आश्रम कसा पारखावा?

म्हातारपणी थोडा विसर पडायचाच. पण जेवलेले आठवेना, आपले घर सापडेना, लेकाला ओळखेना, हे नुसते वय नव्हे. ही करणीही नव्हे. हा मेंदूचा आजार असू शकतो. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

आधी डॉक्टरांना दाखवावे. काही वेळा थायरॉईडमुळे किंवा जीवनसत्त्वाच्या उणिवेमुळेही विसर पडतो. तो औषधाने कमी होतो.

घरी सांभाळणे जमेनासे झाले, तर अशा माणसांना सांभाळणारे आश्रम शहरांत आहेत. पण तिथे काय घडले, हे आपली म्हातारी आपल्याला सांगू शकणार नाही. म्हणून आधी आपणच नीट पाहू या.

एकदा सांगून जाऊ, एकदा न सांगता. जेवणाच्या वेळी जाऊ. घास सावकाश भरवतात की कोंबतात? खोलीत मुताचा वास येतो का? कुणाला खाटेला बांधले आहे का? झोपेच्या गोळ्या देऊन दिवसभर निजवतात का? संडासात धरायला दांडी आहे का? माणूस बाहेर भटकू नये म्हणून फाटकावर लक्ष असते का? रात्री कोण जागे असते? भेटीला केव्हाही येऊ देतात का? खर्च कागदावर लिहून घेऊ, पावती मागू.

अडचण आली तर १४५६७ या सरकारी क्रमांकावर फुकट विचारता येते.

आश्रमात ठेवले, म्हणजे आपले काम संपले असे नाही. वरचेवर जात राहू. म्हातारी नाव विसरेल, पण मायेचा हात तिला कळतो.