रुपया वाजवून घेणारा कान

चांदीच्या रुपयाचा व्यवहार ज्यांनी स्वतः केला, अशी माणसे आता फारशी उरली नाहीत. पण पेढीवरच्या मुनीमजींची एक सवय पुष्कळ घरांत अजून सांगितली जाते. समोर आलेला रुपया ते दगडी उंबऱ्यावर टाकीत आणि वहीतून डोळे न उचलता खरा की खोटा ते सांगत. एक तोळा वजनाच्या, जवळजवळ ब्याण्णव टक्के चांदी असलेल्या त्या नाण्याचा नाद लांबत जाई. शिसे मिसळलेले नाणे ‘थप्प’ करून गप्प बसे. १९४० पासून सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा तो फरक तराजूच्याही आधी या मंडळींच्या कानांना कळला असावा.

मातीची घागर बोटाने वाजवून घ्यावी, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. आणि त्याच घरातला कर्ता माणूस संगणकाचे स्पीकर आणायला गेला की खोक्यावरचा आकडा वाचून परत येतो! ज्या वस्तूचे काम आवाज देणे एवढेच, नेमकी तीच वस्तू आपण न वाजवता घेतो.

दुसऱ्यांना हसण्यासाठी हे लिहीत नाही. हाच प्रमाद माझ्या हातून घडला.

माझे वडील, अण्णा, गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षे प्रवचनाला जाऊ शकत नाहीत. घरच्या संगणकावर प्रवचनांची ध्वनिमुद्रणे ऐकणे हा त्यांचा नेम. हळूहळू तो मोडू लागला. आधी ते मध्येच उठून जात, पुढे पुढे बसेनासेच झाले. विचारले तर म्हणत, “ऐकू येतं रे, पण कळत नाही.” आम्ही त्याचा अर्थ वयाशी लावला. आवाज वाढवून दिला. त्याने भागेना, तेव्हा मी बाजारातून तीन तुकड्यांचा मोठा संच आणला : मेजावर ठेवायचे दोन डबे आणि जमिनीवरचा वूफर. खोक्यावर ठळक अक्षरांत एक हजार वॅट छापले होते. पहिल्या दिवशी कपाटाची काच थरथरली, नातवंडे नाचली आणि अण्णा पाच मिनिटांत देवघरात निघून गेले.

‘श्रावक’ या शब्दात ‘श्रु’, म्हणजे ऐकणे, हाच धातू आहे. भगवंतांची वाणी कित्येक शतके केवळ मुखातून कानात आणि कानातून स्मरणात अशीच टिकली. त्या परंपरेतल्या घरात एका वृद्ध श्रावकाचे श्रवण थांबावे, आणि तेही मी आणलेल्या वस्तूमुळे, ही गोष्ट मनाला लागली. म्हणून या विषयाच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, ‘ऐकू येते पण कळत नाही’ ही तक्रार अगदी नेमकी होती. बोलण्यातला जोर स्वरांत असतो. अ, आ, ओ हे मोठे आणि खालच्या पट्टीचे आवाज. अर्थाचा मोठा भाग मात्र व्यंजने वाहतात, आणि त्यांतली कित्येक क्षीण व वरच्या पट्टीची असतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो. ‘श’ची सळसळ दोन-तीन हजार कंपनांपासून वर पसरते. ‘स’ची बरीचशी शक्ती चार-पाच हजारांच्याही पलीकडे असते. जुन्या टेलिफोनची तार तीनशे ते चौतीसशे एवढाच पट्टा वाहून नेई. म्हणून तर फोनवर नाव सांगताना ‘स सांगलीचा की श शिरूरचा’ असे विचारावे लागते. वयोमानाने कान उणावतो तोही वरच्या पट्टीकडूनच. म्हणजे वृद्ध माणसाला आवाज पोहोचतो, पण शब्दाच्या कडा पोहोचत नाहीत. महाराजसाहेब ‘संवर’ म्हणतात आणि ऐकणाऱ्या व्यापाऱ्याला ‘शंभर’ ऐकू येते!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो. याच्या उलट फारसे घडत नाही. कानाची रचनाच तशी आहे. स्वस्त संचातला वूफर एकाच ठरावीक सुरात घुमत राहतो आणि मेजावरचे चिमुकले डबे जी थोडीफार व्यंजने देतात त्यांच्यावर पांघरूण घालतो. दुकानात हाच घुमारा भारदस्त वाटतो, चित्रपटगीत भरगच्च वाटते. अण्णांसाठी मी पैसे देऊन पांघरूण विकत आणले होते.

आता त्या हजार वॅटविषयी. खोक्यावर पी.एम.पी.ओ. अशी अक्षरे असतील तर तो आकडा सरळ विसरावा. तो मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही, छापणारा म्हणेल तो भाव. आर.एम.एस. लिहिलेला आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा. हिशेब करून पाहण्याची सवय असलेल्यांना एक ताळा देतो. संगणकाच्या जुन्या साध्या यूएसबी खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर वीज मिळते, म्हणजे अडीच वॅट. केवळ त्या खाचेवर चालणारा जोड सलग त्याहून अधिक आवाज कोठून देणार? जमेपेक्षा खर्च मोठा दाखवणारी वही आपण तपासल्याशिवाय ठेवत नाही. आणि हातभर अंतरावरून ऐकण्यास एक-दोन वॅट पुरतातही. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते.

मग पारख करावी कशाने? या कलेतील जाणत्यांनी पुन्हा पुन्हा माणसाच्या आवाजाचाच आधार घेतला आहे. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या मोटारगाड्यांत मावेल असा एलएस३/५ए हा लहान स्पीकर घडवला. त्यांच्याकडे स्पीकर जोखताना बोलणाऱ्या माणसाचा खरा आवाज आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांची तुलना करण्याची पद्धत होती. एमपी३ या रीतीवर जर्मनीत काम करणारे कार्लहाइंझ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या गायिकेचे एक गीत कसोटीला घेतले. त्यात एकही वाद्य नाही, नुसता गळा. वाद्यांचा गजर पुष्कळ दोष पोटात घालतो, एकटा गळा काहीच लपवत नाही. कारण उघड आहे. पाळण्यापासून आपण दुसरा कोणता आवाज इतका ऐकलेला असतो?

हीच रीत घरी करता येते. घरातल्या कोणालाही शांत खोलीत, मोबाइल वीतभर अंतरावर धरून, दोन मिनिटे वर्तमानपत्र वाचायला सांगावे व ते ध्वनिमुद्रित करावे. ते घेऊन दुकानात जावे, आणि ज्याचा आवाज तोही बरोबर असावा. तो बोलेल आणि स्पीकर बोलेल. डोळे मिटून ऐकावे. माणूस सर्दी झाल्यासारखा वाटतो का? डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा? की ‘स’ आला की कानात सुई टोचते? तिन्ही दोष वेगवेगळे आहेत आणि तिन्ही पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतात. दोन जोडांची तुलना करताना आवाजाची पातळी मात्र सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस वाटतो. हे विक्रेत्याला ठाऊक असते. आपणही विक्रेतेच असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही!

येथे एक इशारा. णमोकार मंत्र किंवा भक्तामर लावून शब्दांची परीक्षा करू नये. जे मुखोद्गत आहे ते कान ऐकत नाही, मनच म्हणत जाते. अर्धे अक्षर आले तरी उरलेले आपण भरतो. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यांनी टेलिफोनची स्पष्टता मोजताना मुद्दाम निरर्थक अक्षरे वापरली ती याच कारणासाठी. मी माझ्या मुलीकडून वीस सुटे शब्द वदवून घेतले, एकमेकांना फसवतील असे : संवर, शंभर, आस्रव, आश्रय, साल, शाल, पास, पाश. क्रम उलटसुलट. अण्णांनी वही-पेन्सिल घेऊन ऐकू येईल ते लिहायचे. “या वयात परीक्षा?” असे म्हणत ते बसले खरे. मोठ्या संचावर नऊ शब्द बरोबर आले. त्याआधीच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या जोडावर अकरा. मुलगी समोर बसून तेच शब्द बोलली तेव्हा अठरा.

त्या अठराने आमचे डोळे उघडले. दोष कानाचा थोडा होता, यंत्राचा मोठा. (कानाची तपासणीही आम्ही करून घेतली. ती प्रत्येकाने करावी. स्पीकर हा तिला पर्याय नव्हे.)

मोठा संच परत घेण्यास दुकानदार तयार झाला नाही. पावतीवर तसे बारीक अक्षरांत लिहिले होते, ते मी वाचले नव्हते. तो आता भाच्याकडे आहे. दुसऱ्या खेपेला हजार-बाराशेच्या आतला, वूफर नसलेला दोन डब्यांचा जोड निवडला. निवडताना आणखी थोडे पाहिले. काहीही न लावता आवाजाचे बटण पूर्ण फिरवून कान जवळ नेला. बारीक सुस्कारा चालतो, पण विजेची घरघर चालत नाही. बटण अगदी खाली आणल्यावर एकच बाजू वाजते का ते पाहिले, कारण स्वस्त बटणांत हा दोष सर्रास असतो आणि रात्री हळू ऐकणाऱ्याला तोच छळतो. दोन्ही डब्यांतून एकच आवाज लावला तर तो बरोबर मधून आला पाहिजे. तो पसरट आणि पोकळ वाटला तर आत एका बाजूच्या तारा उलट्या जोडलेल्या असतात. डब्याच्या पाठीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली, घागरीला मारतात तशीच. आणि दुकानदाराची परवानगी काढून बराच वेळ बसून ऐकले. कर्कश स्पीकर पाच मिनिटे तेजस्वी वाटतो. एका सामायिकाइतका वेळ, अठ्ठेचाळीस मिनिटे, कान शिणला नाही तरच तो घरात आणावा.

घरी आणल्यावर जागा. याला एक पैसाही लागत नाही आणि लाभ बहुधा सर्वाधिक होतो. डबे ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे वळवावेत, दोन डबे आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. कोपऱ्यात सरकवले की भिंती घुमारा वाढवतात. सपाट मेजावर ठेवले की मेजावरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून शब्द गढूळ करतो, म्हणून ते कानाच्या उंचीवर उचलावेत. बहुतेक जण हाताला येईल ते जाड पुस्तक खाली सरकवतात. ग्रंथाची आशातना कशाला? सुताराकडून लाकडाचे दोन ठोकळे आणावेत. संगणकातले ‘बास बूस्ट’ बंद करावे.

स्पीकरचा दोष नसतानाही शब्द हरवतात, हेही सांगितले पाहिजे. कित्येक संप्रदायांत साधु-साध्वी माइक वापरीत नाहीत. जेथे ध्वनिमुद्रण होते तेथेही ते पुष्कळदा मागे बसलेल्या कोणा श्रावकाच्या मोबाइलवर, फरशी-भिंतींवरून घुमलेल्या आवाजात होते. तसल्या मुद्रणाला हजाराचा काय, लाखाचा स्पीकरही उजळवू शकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आज्ञा घेऊन पहिल्या ओळीत बसावे, एवढे केले तरी दूरच्या घरी ऐकणाऱ्या कित्येक वृद्धांवर उपकार होतील.

नव्या जोडावर अण्णांचे सतरा शब्द बरोबर आले. ‘पाश’ मात्र दोन्ही वेळा चुकला. दुसऱ्या दिवशी प्रवचन लावून मी दुकानात निघून गेलो. दुपारी घरी आलो तर ते अजून खुर्चीतच होते, आणि आवाजाचे बटण मी ठेवले होते त्याहून खाली आणलेले. मला पाहताच म्हणाले, “मागे बसलेलं कोणीतरी सारखं पानं उलटतंय रे. त्याला कोणी सांगत का नाही?”